उभं झाड, आडवं झाड आणि आत्याचे गुडघे

ती. आत्यास,

पत्रातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. इथे आम्ही तिघंही बरे आहोत. (हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव घाबरणार नाही.) तूही बरी असशील अशी आशा करते. झोप लागते ना, जेवण जातं ना, जिना चढताना दम लागत नाही ना, आणि गुडघे कसे आहेत? तुझे गुडघे दुखतात असं तू कधी म्हणालेली नाहीस हे मला ठाऊक आहे, पण या वयात एकदा विचारून ठेवलेलं बरं. वय म्हणजे तसं काही वय नव्हे. हे वाक्य खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देते, पण तू ते वाचू नकोस.

पत्र कसं लिहायचं ते मला तूच शिकवलंस. आधी नमस्कार, मग समोरच्याची तब्येत, मग आपली, मग घरची हकीकत, आणि काही मागायचं असलंच तर ते अगदी शेवटी, उठता उठता आठवल्यासारखं. लहानपणी माझी छाती नाजूक म्हणून पहिली काही वर्षं मी घरीच शिकले, त्यामुळे माझं शिक्षण जरा घरगुती झालंय. अक्षरं बाबांनी शिकवली, त्यांच्या चष्म्याच्या दुकानातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून. (बरेच दिवस माझी अशी समजूत होती की वाचत खाली जावं तशी जगातली सगळी अक्षरं बारीक होत जातात.) पाढे आईने शिकवले, शिवणाच्या टेपवर, त्यामुळे टेपच्या टोकापलीकडचा हिशोब आला की मला अजून घाम फुटतो. आणि पत्र तू. त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीच्या जोरावर मी आज छापखान्यात औषधांच्या खोक्यांतले घडीचे कागद तपासायला बसते. माझी जोडीदारीण मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचते आणि मी छापलेल्या कागदावर बोट फिरवत जाते. सगळे तिला स्वल्पविराम म्हणतात, कारण घरी गेल्यावरही बोलता बोलता तिच्या तोंडून तो शब्द सुटतो. दिवसभर मळमळ, चक्कर, क्वचित प्रसंगी पुरळ, असं ऐकून संध्याकाळी साधा पेरू खातानाही मला त्याचे दुष्परिणाम आठवायला लागतात. (तुझ्या गावातल्या मोठ्या छापखान्याने मला बोलावलंय, तपासणीच्या टेबलावर मुख्य म्हणून. ते तितकं महत्त्वाचं नाही, ओघात आलं.)

मात्र एक गोष्ट मला कोणी शिकवली नाही, ती अंगातच आली. आपल्या घरात स्वतःला काय हवं ते सांगायची पद्धत नाही. समोरच्याला काय हवं असेल ते ओळखायचं आणि तेच आपल्याला हवंय असं ठासून सांगायचं. समोरचाही तेच करत असतो. आपल्या बैठकीच्या खोलीतला पंखा तुला आठवत असेल. बाबांना एकवर पुरतो, आईला चारवर लागतो. त्यामुळे बाबा म्हणतात चारवर कर, आई म्हणते एकवरच बरा, आणि मी तो दोनवर ठेवते. इतकी वर्षं तो दोनवर फिरतोय आणि कोणीच सुखी नाही. (मला तीनवर आवडतो.) या घरात फक्त तू एकदा सगळ्यांच्या देखत म्हणालीस की मला दुसऱ्या गावी जाऊन नोकरी करायची आहे. ती गोष्ट अजून सांगतात, पण आवाज खाली आणून, जणू त्या दिवशी तू काचेचं काही फोडलं होतंस. म्हणून ही हकीकत मी तुला लिहितेय, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

तर हकीकत बागेची आहे. बाग म्हणजे घरापुढचा तो हिरवळीचा तुकडा. सलग दोन पावसाळे कोरडे गेले, मग नळीने बागेला पाणी घालायला बंदी आली, फक्त आंघोळीचं आणि भांड्यांचं वापरलेलं पाणी बादलीने घालायची परवानगी राहिली. बाबांच्या पाठीला वजन चालत नाही आणि आईचे खांदे शिवणकामाने गेलेले, तेव्हा बादल्या मी नेत असे. मनापासून नेल्या, पण हिरवळ मेलीच. आधी पिवळी, मग तपकिरी, मग ती हिरवळ होती हे पाहुण्यांना सांगावं लागे अशी. नंतर नुसती माती उरली आणि ती वाऱ्याबरोबर खिडकीतून आत यायला लागली. तुला माहीतच आहे, आईचं मशीन त्या पुढच्या खिडकीशी असतं. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्यांसाठी तिने क्रीम रंगाची कव्हरं शिवली होती. ती घडी उलगडली तर प्रत्येक घडीवर मातीची रेघ. डॉक्टर भले गृहस्थ, ते एवढंच म्हणाले की पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यांना बसायला जरा स्वच्छ दिसलं तर बरं. त्या दिवशी आई जेवली नाही. (भूक नाही म्हणाली. मग बाबाही भूक नाही म्हणाले, म्हणून मीही. भाजी तिसऱ्या दिवशी टाकली.) तेव्हा ठरलं की अंगणात असं काहीतरी लावायचं जे पाण्यावाचून टिकेल, बारा महिने हिरवं राहील आणि माती धरून ठेवेल.

असं टिकणारं दोन जातीचं मिळतं. एक उभं, म्हणजे ऑलिव्हसारखं झाड: पानं कधी झडून जात नाहीत, ऊन सोसतं, सावली देतं. दुसरं आडवं, म्हणजे जमिनीलगत सतरंजीसारखं पसरणारं. आमच्यासमोर थाइम होतं, बारीक पानाचं, पाय पडला की वास देणारं. दोन्ही लावायचं कोणाला सुचलं नाही, कारण आपल्या घरात एका वेळी एकाच माणसाचं मन राखता येतं अशी समजूत आहे. आणि मग आई म्हणाली की तिला झाडच हवं. बाबा म्हणाले, छे, झाड कशाला, आडवंच छान.

आता तू घराचा तोंडवळा आठवून बघ. तोंड पश्चिमेला. डाव्या हाताला आईची खिडकी, मध्ये दार, उजव्या हाताला व्हरांडा आणि त्यात बाबांची खुर्ची. दुपारी दुकान बंद करून बाबा तिथे येऊन बसतात आणि ऊन त्यांच्या तोंडावर येतं. ते खुर्ची सरकवतात, ऊन मागोमाग येतं, अशी रोजची पकडापकडी चालते. उलट आईला तेच ऊन हवं. ढग आला तरी ती मशीन थांबवून ढगाकडे असं बघते की एखाद्या शहाण्या ढगाने निघून जावं. अशी आई म्हणते झाड लावा, आणि असे बाबा म्हणतात झाड नको. मला सुरुवातीला खरंच वाटलं की दोघांची आवड बदलली. (वय झालं की बदलते असं आमच्या एका औषधाच्या कागदावर आहे, पण ते चवीबद्दल.) दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हा पंखाच आहे. फक्त या वेळी दोनवर ठेवता येण्यासारखं काही नव्हतं.

सरळ सांगता आलं असतं म्हणशील. कसं सांगू? आई, तुला उजेड हवाय, असं म्हटलं तर ती म्हणणार, मला मेलीला काय करायचाय उजेड, आणि बाबांना वाटणार की मी त्यांची सावली काढून घेतली. म्हणून मी ठरवलं की वस्तुस्थितीलाच बोलू द्यावं. माझ्या सुट्टीच्या दिवशी अंगणात शिडी उभी केली, शिडीवर छत्री बांधली आणि छत्रीवर जुनी चादर टाकली. झाडाची सावली कुठवर पडेल ते दोघांना दिसावं म्हणून. पक्षपात नको म्हणून शिडी बरोबर मधोमध ठेवली, टेप लावून. तिथेच माझं चुकलं, पण ते पुढे.

मधोमध ठेवल्यामुळे सावली खुर्चीवरही पडली आणि खिडकीवरही. बाबा सावलीत बसले आणि असे झोपले की दुकान उघडायचं राहिलं. एक गिऱ्हाईक जुन्या चष्म्यातून वाट शोधत घरापर्यंत आलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "बघितलंस, झाडाने आळस येतो. आडवंच बरं." आत आई सुई हातभर लांब धरून अंदाजाने दोरा ओवत होती. मी विचारलं, दिसतंय का गं? ती म्हणाली, डोळ्यांना कसं गार वाटतंय. संध्याकाळी पाहिलं तर कव्हराची चेन उलट्या बाजूने लागलेली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मला अशीच आवडते." बाबांनी ते कव्हर हातात घेतलं, चेन आतून उघडून पाहिली, मिटली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून आईसाठी एक नंबर वाढवलेला चष्मा घेऊन आले. तो आईला मुळीच लागत नाही. तो घालून तिला जमीन जवळ दिसते आणि ती उंबऱ्यावरून पाय फार उचलून टाकते, पण घालते.

शिडीचा आणखी एक दुष्परिणाम झाला. शेजारी निवृत्त विमा एजंट राहतात त्यांना तू पाहिलेलं नाहीस. तुझ्यानंतर आले. त्यांनी आता विमा विकणं सोडलंय, पण काळजी वाटणं सोडलेलं नाही. ते कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "घरात कोणी सीरियस आहे का? तीन दिवस एकच चादर वाळतेय." मी म्हटलं, नाही हो काका, ते झाड आहे. त्यांनी चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, झाड असेल तर मुळांचा विचार केलाय का? मुळं पाण्याच्या वासावर जातात, पाइपात शिरतात, पाइप फुटतो, पाया खचतो. मी विचारलं, आणि आडवं लावलं तर? ते म्हणाले, थाइमला मधमाश्या येतात, अनवाणी माणसाला चावतात, अंगावर सूज येते, एकीच्या जाऊबाईंचं काय झालं सांगू का? मी नको म्हटलं, तरी त्यांनी सांगितलं. त्यानंतर मी आठवडाभर अंगणात बूट घालून हिंडले, जिथे अजून काहीच लावलेलं नव्हतं.

न्याय म्हणून मग आडव्याचीही चाचणी घेतली. छापखान्याने पुढच्या खोलीतलं हिरवं कार्पेट काढून टाकलं होतं, ते मागून आणलं (मालकांनी विचारलं कशाला, मी म्हटलं बाग करायला, त्यांनी पुढे काही विचारलं नाही) आणि अंगणभर अंथरलं. लोक फाटकाशी चपला काढायला लागले. पार्सल आणणारा कडेला उभा राहून म्हणाला, आत पाय देऊ का? एजंटकाका येऊन चक्क मांडी घालून बसले आणि कार्पेटला आग किती लवकर लागते ते सांगून गेले. बाबा व्हरांड्यात भर उन्हात, डोक्यावर ओला रुमाल, तोंड लाल, आणि म्हणतात काय, "मोकळं मोकळं कसं छान वाटतंय." खिडकीत आईचं मशीन चाललेलं. उजेड लख्ख होता, शिवण सरळ पडत होती. पण बाबांनी मान पुसली की मशीन थांबे. परत पुसली की परत थांबे. शेवटी तिने खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, फार झगझगीत होतंय, झाडच हवं.

मग आम्ही तिघं नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाई मोठ्या उमेदीच्या, जे विचाराल ते उत्तम असं सांगणाऱ्या. त्यांनी हात पुसत साधा प्रश्न विचारला, तुम्हाला काय आवडतं? आत्या, तुला सांगते, आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आई म्हणाली, यांना झाडाची फार हौस. बाबा म्हणाले, नाही नाही, हिला पसरणारं आवडतं, हवं तर मुलीला विचारा. मी म्हटलं, या दोघांना आवडेल ते. बाई म्हणाल्या, "बरं झालं, कोणालाच काही नकोय," आणि निवडुंग घ्यायला आलेल्या दुसऱ्या माणसाकडे वळल्या. आम्ही तिथल्या बाकावर बसून त्यांनी दिलेलं माहितीपत्रक वाचत राहिलो. म्हणजे ते दोघं चित्रं बघत होते आणि मी खालचा बारीक मजकूर.

त्या बारीक मजकुराने माझी झोप उडवली. दुष्काळात टिकणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून टिकणारं नव्हे. मूळ खोल जाईपर्यंत त्याला नेमाने पाणी लागतं. ऑलिव्हला दोन उन्हाळे. थाइमला जेमतेम एक हंगाम. पुढे दोघंही आपापलं बघतात. आता बादल्या कोण नेतं ते वर लिहिलंच आहे. म्हणजे आडवं लावलं तर हा हंगाम संपला की मी मोकळी, उभं लावलं तर आणखी एक वर्ष इथेच. (त्या दुसऱ्या छापखान्याने महिनाअखेरपर्यंत कळवा आणि हंगाम संपला की रुजू व्हा असं म्हटलंय. त्यांचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे आणि तिथे मोठ्याने वाचायलाच म्हणून नेमलेलं माणूस असतं. पण ते असो.) मजकूर वाचला आणि माझ्या मनात पहिला शब्द आला, थाइम. तो इतका चटकन आला की मला धडकी भरली. मी आईच्या उजेडासाठी थाइम म्हणत होते की माझ्या सुटकेसाठी? खात्री होईना. ज्याच्यात आपला फायदा आहे ते निवडू नये, असं मला वाटतं. म्हणून त्या संध्याकाळपासून मी घरात झाडाची बाजू घ्यायला लागले. जेवताना सावलीचे फायदे सांगितले. पक्ष्यांबद्दल बोलले, खरं तर पक्षी फडफडतात म्हणून मला त्यांची भीतीच वाटते. आईने खूश होऊन बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, हो का, आणि पाणी प्यायले. म्हणजे आता घरात तीन माणसं आणि तिघंही मनातल्याच्या उलट बोलणारी. एजंटकाकाच काय ते मनातलं बोलत होते.

गेल्या आठवड्यात नर्सरीची गाडी आली. मी म्हटलं, आमच्याकडे नसेल, आमचं अजून ठरलेलं नाही. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, ऑर्डर इथलीच आहे, दोन आहेत. मागचा पडदा वर केला तर एक ऑलिव्हचं झाड, माझ्या खांद्याएवढं, आणि शेजारी थाइमच्या रोपांचे ट्रे. आईने बाजारातून येताना गुपचूप जाऊन झाड सांगितलं होतं, बाबांसाठी. बाबांनी दुकानातून येताना थाइम, आईसाठी. दोघंही दारात उभी. आई झाडाकडे न बघता थाइमकडे बघत होती आणि बाबा थाइमकडे न बघता झाडाकडे. बाबांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता.

बाईंना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी अंगणातून एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, यात भांडायचं काय आहे, झाड त्या उजव्या कोपऱ्यात लावा, सावली खुर्चीवर पडेल आणि खिडकी मोकळी राहील, बाकी सगळीकडे थाइम. (मी ते टेप लावून मधोमध ठेवलं नसतं तर हे आम्हालाही दिसलं असतं.) इतकं सोपं निघाल्यावर आम्ही जरा ओशाळलो. आईने पदराने कपाळ टिपलं. बाबा हसले, मला वाटतं कितीतरी दिवसांनी. आणि मग बाई खड्ड्याची जागा टाचेने दाखवत म्हणाल्या, फक्त दोन उन्हाळे बादलीने पाणी घालावं लागेल हं, कोण घालतं पाणी?

आईबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. आणि दोघं एकदम म्हणाले, "मग नकोच."

बाई म्हणाल्या, नको म्हणजे? आई म्हणाली, झाड नको. बाबा म्हणाले, आडवंही नको, त्यालाही पाणी लागतंच. आई म्हणाली, फरशी घालू. बाबा म्हणाले, फरशीच उत्तम, मी कधीचं म्हणतोय. ते कधीच म्हणत नव्हते. दोन महिने ज्या दोघांचं एका पानावर एकमत झालं नाही त्यांनी एका श्वासात अख्खं अंगण फरशीखाली घातलं. मी म्हटलं, अगं पण उन्हात ती फरशी तापेल, तुमची दुपार भट्टीत जाईल. आई म्हणाली, "तापू दे. फरशीसाठी कोणाला घरी थांबावं लागत नाही." आणि आत निघून गेली, पाय उंबऱ्यावरून उंच उचलत.

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे. मी त्या बोलावण्याबद्दल घरात अक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामला विचारलं तर ती कानापर्यंत लाल झाली. उशीचं कव्हर शिवायला टाकायला आली होती म्हणे, आईने चहा दिला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, विरामचिन्हांसकट. म्हणजे आईबाबांना महिन्यापासून ठाऊक होतं. दोघांपैकी कोणी मला विचारलं नाही, जाणार का म्हणून. विचारलं तर मी नाही म्हणेन ही भीती, आणि नाही विचारलं तर मी राहीन ही भीती. ते दोघं तशीच भीती उराशी धरून जेवत होते आणि मी समोर बसून पक्ष्यांबद्दल बोलत होते.

पण त्या दिवशी दारात मला एवढंच दिसलं की माझ्यामुळे बाबांची सावली आणि आईचा उजेड दोन्ही परत गाडीत चढतायत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला झाड हवंय." आत्या, तुझ्यानंतर या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मी स्वतःच दचकले. आणि त्याचा परिणाम काय झाला? काही नाही. माझ्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे, एवढं मन मारू नकोस. आई आतून म्हणाली, तिला काही झाड बिड नकोय, आपल्यासाठी म्हणतेय. मी म्हटलं, नाही, खरंच हवंय. त्यावर ती म्हणाली, बघा, किती गुणाची आहे.

नर्सरीच्या बाई शेवटी कुंड्या आणि ट्रे फाटकाशी ठेवून गेल्या. काय ते ठरवून कळवा म्हणाल्या, हे असं घर मी पाहिलं नाही. तेव्हापासून ऑलिव्ह कुंडीत आणि थाइम ट्रेमध्ये, आणि कुंडीतल्याला तर जमिनीतल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, त्यामुळे मी आता सकाळ संध्याकाळ बादल्या नेते. एजंटकाका रोज कुंपणावरून बघतात आणि कुंडी वाऱ्याने पडली तर कोणत्या बाजूला पडेल ते सांगतात. फरशीवाला मोजमापाला उद्या येणार आहे.

एवढीच हकीकत. तू काळजी करू नकोस, मी सगळ्यांच्या वाटची करतेच आहे. तुझ्या कुंडीतल्या कोरफडीला विचारल्याचं सांग. पत्राचं उत्तर सवडीने दे, पण महिनाअखेरीच्या आत.

तुझी, तूच लिहायला शिकवलेली,
भाची

ता. क. उठता उठता आठवलं. तुझी मागची खोली रिकामी आहे का? सहजच विचारतेय. मी फार जागा घेत नाही, बारीक अक्षरांची पुस्तकं आहेत, तीही बारीकच. पंखा कितीवरही चालेल. (तीनवर.)

आणखी ता. क. मला यायचंय असं मी घरात सांगितलं तर ते कोणाला खरं वाटणार नाही, आणि खरं वाटलंच तर ते माझ्यासाठी फरशी घालतील, मग मी येऊ शकणार नाही. पण तुला गरज आहे असं तू बाबांना कळवलंस तर घरातलं कोणीही नाही म्हणणार नाही, आपल्याकडे दुसऱ्याच्या गरजेला फार मान आहे. तेव्हा तू गुडघ्यांबद्दल काहीतरी लिहिशील का? खोटं लिहू नकोस. खरंच दुखत असतील तरच लिही. किंवा जिना चढताना कधी थोडं जाणवत असेल तर तेवढंच लिही, वाढवायचं ते इथे आम्ही वाढवू. आणि दोन्ही रोपं लावा आणि पाणी तुमचं तुम्ही घाला, म्हणजे थोरली बहीण म्हणून दम दिल्यासारखं, तेही शेवटी घाल.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात अंगणात आवाज झाला म्हणून बाहेर गेले. उजव्या कोपऱ्यात आई खड्डा खणत होती, तो नवा चष्मा घालून, त्यामुळे खड्डा हवा त्यापेक्षा बराच मोठा झालाय. बाबा चष्मे धुवायच्या छोट्या मगने पाणी आणत होते, निम्मं वाटेत सांडत. मी म्हटलं, हे काय, फरशीचं काय झालं? बाबा म्हणाले, त्याला नको सांगितलं, आणि पाण्याची सवय करून बघतोय. मी विचारलं, कशासाठी सवय? तर आई खड्ड्यातून मान वर न करता म्हणाली, "वन्संचे गुडघे फार दुखतात म्हणे. कोणीतरी जाऊन राहायला हवं त्यांच्याजवळ." मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, कळतं माणसाला. बाबा म्हणाले, हो, बरेच दिवसांपासूनचं आहे तिचं.

आत्या, हे पत्र अजून माझ्या हातातच आहे. तेव्हा आता तूच कळव, तुझे गुडघे खरोखर दुखतात का. आई म्हणते डावा, बाबा म्हणतात दोन्ही. काय असेल ते लवकर लिही, म्हणजे आमच्या तिघांचं बोलणं एक राहील.